राय शोधायला माहेरी

कोकणात लोक कशाकशासाठी जातात. कुणी कुळाचाराला, कुणी आंब्याला, कुणी भावकीची भांडणं मिटवायला आणि येताना वाढवून यायला. आम्ही तिघं गेलो व्हिस्कीसाठी, तीही अमेरिकन, आणि तीही दारूबंदीच्या राज्यात. चाळीतल्या काकूंना मी "जरा माहेरी जाऊन येते" एवढंच सांगितलं. ते काही खोटं नव्हतं, कारण महाड माझं माहेर. बाकीचं आता लिहिते.

आधी माणसं सांगते. एक आमचे हे. बोटींच्या एजंटाच्या कचेरीत हेडक्लार्क, चालायला खणखणीत, खायला त्याहून खणखणीत; पण दारूच्या सरकारी परमिटावर ह्यांची तब्येत अशी लिहिली आहे की वाचणाऱ्याने रडावं. व्हिस्की मिळाली नाही तर माणूस जायचाच. दुसरे दिगू भाऊजी, ह्यांचे शाळासोबती, छापखान्याचे मॅनेजर. ह्यांच्यासारखंच परमिट आणि ह्यांच्यासारखीच तब्येत. जगातल्या कुठल्याही विषयावर भाऊजींचं मत तयार असतं आणि ते बदलायला अजून कुणी जन्माला यायचंय. तिसरी मी. मी पीत नाही, पण माझ्यावाचून ह्या दोघांचं पान हलत नसे.

त्याचं असं आहे की देवाने मला नाक दिलं. दर शनिवारी संध्याकाळी हे दोघं दोन-तीन पेल्यांत वेगवेगळं ओतून कागदाने बाटल्या झाकायचे आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारायचे. मी कणकेच्या हातानंच यायची, पेल्यावर वाकायची आणि सांगायची, ही स्कॉच, ही ती अमेरिकन मक्याची, आणि ह्या तिसरीत, भाऊजी, तुम्ही पाणी घातलंय. एकदाही चुकले नाही. घरातसुद्धा तसंच. ह्यांनी एकदा हौसेनं चमेलीचं तेल आणलं, डोक्याला लावून दारात उभे राहिले आणि मी आतूनच ओरडले, "कुणाची वरात आलीय?" त्याच दिवशी ती बाटली मी मोरीत पालथी केली. डोकं उठतं माझं चमेलीनं.

व्हिस्कीतलं जे मला कळलं ते सांगते. अमेरिकेत मुख्य दोन. एक बर्बन, ती मक्याची, गोडसर. दुसरी राय. राय हे थंड मुलखातलं धान्य, गव्हाच्या भावकीतलं. तिची व्हिस्की कोरडी आणि तिखट, मिरी चावल्यासारखी म्हणे. दोन्ही आतून जाळलेल्या लाकडी पिंपात मुरवतात. बर्बन आम्ही ओळखत होतो, कारण ह्यांच्याकडे एका कप्तानाने परमिटावर दिलेली बाटली होती. राय मात्र भाऊजींनी एकदाच, एका बोटीवर घोटभर चाखली होती, आणि तेव्हापासून "वहिनी, राय ती राय" हे पालुपद. हे म्हणायचे बर्बन भारी, ते म्हणायचे राय भारी. ह्यांनी राय कधी चाखलेली नाही आणि भाऊजींनी चाखली ती घोटभर, त्यामुळे वाद कधी संपायचा नाही.

आणि मग गेल्या साली ती फ्लूची साथ आली. मला ताप आला, गेला, आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. सर्दी उतरली तरी वास नाही. फोडणी जळली तरी कळेना. दूध उतू जाऊन करपून गेलं, शेजारीण धावत आली आणि मी शेजारी बसून तांदूळ निवडतेय. गुपचूप डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, वर्षभरात आला तर आला, नाहीतर विसरा. मी घरी कुणाला बोलले नाही. काय बोलायचं? माणसं डोळ्याला, कानाला रडतात. नाकासाठी कोण रडतं? पण मी रडायची. शनिवारी "आज डोकं दुखतंय" म्हणून टाळायची. वर्ष संपत आलं होतं.

अशात हे एक दिवस कचेरीतून उड्या मारतच आले. शिपायाचा चुलता, बाबाजी सकपाळ, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतो. तो मलबार हिलवर एका अमेरिकन साहेबाचा बटलर होता. साहेब देश सोडून गेला तेव्हा, दारूबंदीच्याही आधी, जाताना त्याने बाबाजीला आठवण म्हणून दोन बाटल्या दिल्या. एक बर्बन आणि एक राय. भाऊजींनी तिथल्या तिथे रजा टाकली. मला नवल वाटलं ते ह्यांचं. एरवी गिरगावातून दादरला जायचं म्हटलं तरी ह्यांची कंबर धरते, आणि आता म्हणतात, "तूही चल. वाटेत महाडला कुसुमकडे उतरू." कुसुम माझी आतेबहीण. मी हो म्हटलं. माझ्या मनात एक वेडी आशा होती, की वास कुठं परत यायचाच असेल तर तो महाडात येईल.

नागोठण्याच्या पुढे

मार्गशीर्ष होता. भातं झोडून झाली होती, शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या, आणि एस.टी. अशी भरली होती की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारून घ्यावा. मी खिडकीशी. ह्यांनी बर्बनची बाटली गोधडीत गुंडाळून वळकटीत घातली होती. रायशी ताडून बघायला घरचा नमुना हवा ना. वळकटी माझ्या पायांशी.

नागोठणं सोडल्यावर रस्ता खड्ड्यांचा लागला. मी डोंगर बघत होते. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की गाडीतली बडबड थांबली आहे. पुढच्या बाकावरच्या कोळणीने नाकाला पदर लावला. तिच्या पायाशी सुक्या बोंबलांची पाटी, आणि तिने नाकाला पदर लावावा. मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "कोण हाय रं, येकटा येकटाच?" कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवून आला, नाक वर करून हुंगत हुंगत थेट आमच्या बाकाशी.

"कुणाकडं हाय बाटली?"

बूच निघालं होतं. अख्खी बर्बन वळकटीत सांडून माझ्या पायांखालून वाहत होती, माझ्या चपला भिजल्या होत्या, आणि मी, जिला तीन खोल्यांपलीकडून पाणी घातलेलं कळायचं, ती मी शांतपणे डोंगर बघत बसले होते.

हे परमिट काढून उभे राहिले. कंडक्टरने ते मोठ्याने वाचलं. एवढी आजारी माणसं म्हटल्यावर गाडीतल्या बायका हळहळल्या. एकीने ह्यांना जागा करून देऊन आवळासुपारी दिली. भाऊजी बाटलीच्या शोकात खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. ह्यांनी मात्र परमिट घडी करून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. एकदा माझ्या चपलांकडे, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटलं, संपलं, कळलं ह्यांना. पुढे माणगावपर्यंत मी पदराआड डोळे पुसत होते आणि लोकांना वाटलं, नवऱ्याच्या तब्येतीपायी.

महाड

महाडात मी माझ्या नाकाची परीक्षाच घेतली. पहाटे उठून सावित्रीच्या काठी गेले. ओहोटीचा चिखल उघडा पडला होता. लहानपणी त्या वासाने मला भरती-ओहोटी घरात बसून कळायची. काही नाही. चवदार तळ्याला वळसा घालून बाजारात गेले, सुक्या मासळीच्या गल्लीतून दोनदा फिरले. काही नाही. कुसुमने कडवे वाल भिजवले होते. मोड आलेल्या वालांचा वास म्हणजे वाल न खाणाऱ्याला शिक्षा आणि आम्हाला स्वर्ग. मी परातीत तोंड घातलं. कुसुम म्हणाली, "अगं, काय हरवलं वालांत?"

जेवण मात्र काय सांगू. बिरडं, खाडीची कोळंबी, तांदळाची भाकरी पापुद्रा सुटलेली. मुंबईला आम्ही बिरड्यात नारळाचं दूध घालून त्याचं लग्नघर करून टाकतो. कुसुमचं बिरडं नुसत्या वाटणावर, वाल वालासारखा लागेल असं. हे आणि भाऊजी बोटं चाटत होते. मला भाकरी मऊ लागली, कोळंबी कुरकुरीत लागली, तिखट तिखट लागलं, पण कशाचीच कशाशी ओळख पटेना. माझे वडील कारवी फुलली की डोंगरातून मध आणवायचे. सात वर्षांतून एकदा यायचा तो, आणि फडताळ उघडलं की ओसरीवर कळायचं. ते फडताळ अजून कुसुमकडे आहे. मी ते हळूच उघडून बघितलं. आत वह्या, पुस्तकं आणि घड्याळाची किल्ली.

मी हात धुवून परसात जाऊन उभी राहिले. हे मागून आले. "उद्या जायचं ना वाडीवर?" म्हणाले.

"मी येऊन काय करू?" मी फणकाऱ्याने म्हटलं. "तुमची राय तुम्ही प्या."

"तू आल्याशिवाय मी जात नाही," म्हणाले आणि आत निघून गेले. असे आहेत.

पोलादपूर आणि वरची वाडी

पोलादपूरला उतरलो की रस्ता फुटतो. एक खाली गोव्याकडे, एक वर आंबेनळीने महाबळेश्वराकडे. नाक्यावर चहा घेतला आणि घाटाच्या रस्त्याला लागून मग पायवाट धरली. चढण अशी की भाऊजींचं मतप्रदर्शन अर्ध्या वाटेतच बंद पडलं. पण काय तो मुलूख. उताराउतारावर नाचणी कापलेल्या पट्ट्या, मध्येच वाहतं पाणी, आणि वर कारवीची रानं, उभीच्या उभी, काठ्यांसारखी. इकडे घराच्या भिंतीसुद्धा कारवीच्या काठ्या विणून शेणाने लिंपतात. मला आशा नव्हती तरी पाय झपाझप पडत होते. भाऊजी तर धापा टाकत टाकत हसत होते. "वहिनी," म्हणाले, "आज आमच्या वादाचा निकाल."

बाबाजी सकपाळ पडवीत वाट बघत उभे होते. साठीचे, ताठ, वाडीत कुणी घालत नाही असा पांढरा कोट खास आमच्यासाठी घातलेला. बोलणं अर्धं मलबार हिलचं, अर्धं वाडीचं. "वेलकम सायब. बसा. बाय, तू आत ये, ऊन लागलं असंल." त्यांची बायको पार्वतीबाई, ठसठशीत कुंकू, हसरी, मला बघताक्षणी हात धरून आत घेऊन गेली. बाबाजींनी भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि दोन बाटल्या वर काढल्या.

दोन्ही सारख्याच आकाराच्या. दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. आणि दोन्हींवर एक अक्षर नाही.

"झुरळांनी खाल्लं," बाबाजी ओशाळून म्हणाले. "खळ गोड लागती त्यांना."

"कुठली कुठली ते?"

"ते सायबाला ठाव. मी जन्मात थेंब घेतला नाय. माळकरी हाय."

भाऊजींनी हात चोळले. त्यांना हेच हवं होतं. पितळी पेले आले, पडवीत घोंगडी अंथरली, वाडीतली चार माणसं लांबून बघत उभी राहिली. पहिली बाटली उघडली. ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. "ही बर्बन," म्हणाले. "आपल्या सांडलेल्या बाटलीचीच बहीण." भाऊजींनी चाखली. त्यांनी पेला विसळून पुढे केला. दुसरी उघडली. भाऊजींनी घोट घेतला आणि मांडीवर थाप मारली.

"अरे, ही बघ किती गोड. ही बर्बन. म्हणजे आधीची ती राय."

"आधीची बर्बन होती," हे म्हणाले. "वर्षभर पितोय मी ती."

"मग ही कोण? राय? राय गोड असते होय रे? मी प्यायलोय राय."

"एकदा. घोटभर. बोट हलत असताना."

झालं. तीस वर्षांची मैत्री, पण बघता बघता दोघं असे तापले की पार्वतीबाई चुलीवरचं टाकून दारात आली. भाऊजी म्हणाले, तुझ्या जिभेला काही कळत नाही, तू कचेरीतली शाई पी. हे म्हणाले, तुझं सगळं आयुष्य वाचीव माहितीवर. मग भाऊजी उठून पडवीच्या खांबाला टेकून पाठ करून उभे राहिले. "ठीक आहे," म्हणाले. "वहिनींना विचार. त्यांचं नाक सांगेल ते मी मानीन. नाहीतर ह्यापुढे शनिवारी मी येत नाही."

हे पटकन म्हणाले, "तिला सर्दी झालीय."

मला ते इतकं लागलं. मला वाचवायला बोलले, कळत होतं मला, पण अंगाची आग झाली. म्हणजे आता जन्मभर ही सर्दी. चारचौघांत माझं नाक हे झाकायचं भांडं. मी पदर खोचला. "आणा इकडे," म्हटलं.

पहिल्या पेल्यावर वाकले. काही नाही. दुसऱ्यावर वाकले. काही नाही. वाडीतली माणसं बघतायत, भाऊजी बघतायत, हे जमिनीकडे बघतायत. मग मी जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. पहिला पेला उचलून घोट घेतला. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी, बाकी शून्य. लगेच दुसरा उचलला. तोही घोट घेतला, आणि असा ठसका लागला म्हणता. घशातून वर चढून ती थेट माझ्या नाकात. नाकात, कानात, टाळूत जाळ. मी खोकतेय, पार्वतीबाई पाठ चोळतेय, हे पाणी पाणी करतायत.

आणि त्या जाळामागून, आतून, घशाच्या बाजूने, काहीतरी आलं.

मी हाताने सगळ्यांना गप्प केलं. अगदी बारीक होतं ते. किंचित कडवट, ओल्या पानाचं, आणि त्याच्या मागे जड गोड. मी तोंड मिटून नाकाने श्वास सोडला. पुन्हा आलं. मला वडिलांचं फडताळ दिसलं.

"ह्यात मध आहे," मी म्हटलं. "कारवीचा."

वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग भाऊजी हसले, पण केविलवाणं. "वहिनी, अमेरिकेत कुठली हो कारवी?"

"ते मला माहीत नाही. ह्यात कारवीचा मध आहे."

"सायबाची बाटली हाय, बाय," बाबाजी दुखावून म्हणाले. "मी हात लावला नाय तिला."

तेवढ्यात पार्वतीबाईने तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"गंगीनं भरलीया ती," म्हणाली. "वरल्या वाडीची गंगी. तिच्या पोराची छाती भरलती, तवा चोळाया मी ही बाटली दिलती. हे म्हमईला व्हते. पोरगं बरं झालं, पर बाटली झाली अर्धी. आता शेजारणीची वस्तू अर्धी कशी परत देनार गो? रिकामं नाय, उणं नाय. त्या साली कारवी फुललती, घरात मध व्हता, तिनं तोंडापातुर मध वतला आन् दिली आणून."

"आणि तू मला सांगितलं नाय?" बाबाजी म्हणाले.

"काय सांगायचं? दिली तवा भरलेली, आली तवा भरलेली."

बाबाजी मटकन घोंगडीवर बसले. इतकी वर्षं त्यांनी ती बाटली साहेबाची म्हणून सणासुदीला पुसून ठेवली होती. मग त्यांनाच हसू फुटलं, आणि मग वाडीतली माणसं, आणि शेवटी भाऊजी. दोघंही बरोबर होते की हो. हे म्हणत होते ती बर्बन खरंच बर्बन होती. भाऊजी म्हणत होते राय गोड नसते, तर ती नव्हतीच गोड, ती गंगीने केली होती. भाऊजींनी ह्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि त्या मधाळ रायचा आणखी एक घोट घेऊन म्हणाले, "खरं सांगू? आता जास्त चांगली लागतेय."

मी तिथे नव्हतेच म्हणा ना. मी पडवीच्या कोपऱ्यात जाऊन शेणाने सारवलेल्या भिंतीला नाक लावलं होतं. येत होता. बारीक, पण येत होता. मग चूल, मग पेंढा. शेजारच्या घरी सुकट भाजत होते तीही. पार्वतीबाई माझ्याकडे बघत होती. मी तिला सांगितलं, वर्षभर मला वास नव्हता. तिने चुलीतून भाजलेलं रताळं काढून फोडलं आणि वाफेसकट माझ्या नाकाखाली धरलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. नाकासाठी, हो.

परतताना

निघताना बाबाजींनी बर्बन वीतभर शिल्लक होती ती कणगीत परत ठेवली. रायची बाटली भाऊजींनी मागितली, आणि पार्वतीबाईने ती दिलीही. पण भाऊजी आता शहाणे झाले होते. मुंबईहून ते ती परत पाठवणार आहेत, आणि तिच्यात काय भरून, ह्यावर अजून त्यांचं आणि ह्यांचं एकमत नाही.

परतीच्या गाडीत आमची वळकटी पायांशीच होती. लोक पुन्हा नाकं मुरडायला लागले. ह्या खेपेला मीही मुरडलं. मी वाकून गोधडीचा कोपरा नाकाला लावला. भाजलेल्या मक्याचा आणि जळक्या लाकडाचा. शनिवारचा वास.

मग वर सरळ होताना आणखी एक आला, आणि माझं डोकं उठलं.

"अहो," मी दबक्या आवाजात म्हटलं, "चमेलीचं तेल लावलंत?"

हे खिडकीबाहेर बघत होते. "माघापासून रोज लावतोय," म्हणाले.

"माघापासून?"

"तू ताप उतरल्यावर काही बोलेनास, शनिवारी येईनास. म्हटलं बघावं." गोधडी सारखी करत म्हणाले, "पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो. तू आतून ओरडली नाहीस. तेव्हाच समजलो." मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले, माणगाव येईपर्यंत. "राय काय," म्हणाले, "कधी ना कधी बोटीवरनं मिळालीच असती."

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता फळीवरची, इतके दिवस मी खोबरेल समजत होते ती ह्यांची तेलाची बाटली घेतली आणि मोरीत पालथी केली. वर एक तांब्या पाणी घातलं. आणि मग तिथेच, वास पूर्ण जाईपर्यंत, कठड्याला टेकून उभी राहिले.